दहाच्या पटीत

सावदा-फैजपूर रस्त्यावरचं भुईकाट्याचं केबिन,
सात बाय नऊ.
सव्वा महिन्यानं कुलूप उघडलं
तर कोळ्यांनी संसार मांडलेला,
कॅलेंडरवर अजून कार्तिक,
आणि माझी खुर्ची.

ही सलीम वेल्डरनं खास केलेली.
दोन जादा अँगल, पाय आखूड, बूड रुंद.
पैसे घेताना त्यानं माझ्याकडे बघितलं नव्हतं,
ते मी बारा वर्षं विसरले नाही.
आज बसले तर एका अंगाला
पावतीबुक मावेल एवढी जागा.
ठेवलं तिथंच.
दुसऱ्या अंगाचं अजून ठरवलं नाही.

पोटावर पाच भोकं होती, आता जांभळ्या टिकल्या.
गावात सांगितलंय, पित्ताचे खडे.
खडे म्हटलं की लोक अरे अरे करतात.
खरं सांगितलं असतं तर म्हणाले असते,
तोंड आवरलं असतंस तर फुकटात झालं असतं.

नाशिकचे डॉक्टर म्हणाले होते,
पोट कापून एवढंच ठेवणार, केळ्याएवढं.
मी विचारलं, कोणत्या? वेलची का बसराई?
त्यांना कळलं नाही.
मी मात्र तिथल्या पांढऱ्या भिंतीत
एकटीच हसत बसले, सही करायच्या आधी.

पहिली गाडी दिल्लीची.
"उतरा रे सगळे खाली!"
आवाज तेवढाच जाड निघाला.
बरं वाटलं.

केळी धुणाऱ्या बाया आल्या दाराशी.
शेवंता भंगाळेनं माझं मनगट
अंगठा आणि बोटात धरून बघितलं,
"काय वं माय, कशी वायली तू!"
मग कानाशी, "साखर तं नही ना?"
नाही म्हटलं.
तिनं मनगट लगेच सोडलं नाही.

दर पाव तासानं मोबाईल वाजतो.
कोणाचा फोन, नारखेडे शेठ विचारतात.
पाण्याचा, मी म्हणते.
औषधाच्या टोपणानं दोन घोट,
गटागटा पिणं आता मागच्या जन्मातलं.
बुकावर केस पडतात.
फुंकर मारते, पावती फाडते,
पुन्हा केस.

दोनच्या सुमारास डोळ्यांपुढं काजवे.
टेबल धरून आकडा लिहिला.
हरयाणाचा ड्रायव्हर पावती घेऊन परत आला,
चार आणि सहा उलटे पडले होते.
एकशेऐंशी किलो त्याच्या फायद्याचे,
आणि तो परत आला.
शेठ म्हणाले, अर्धा दिवस घरी जा.
बिनपगारी का, मी विचारलं.
ते छताच्या पंख्याकडे बघायला लागले.
मी बसून राहिले.

संध्याकाळी गोदामामागं
हमालांनी पऱ्हाट्या पेटवल्या.
बामणोदची वांगी, बडगीत ठेचताना
तो ठप ठप आवाज.
केबिनची खिडकी लावली.
वास काचेतूनही येतो, हे नव्यानं कळलं.

रुबाब तडवी दरवर्षी माझ्यासाठी
भरीत आणि सात पुऱ्या आणतो, मोजून.
आज नुसतं पान घेऊन आला,
कोपऱ्यात मिरची न घातलेलं
सुपारीएवढं.
काही बोलला नाही.
त्याला कोणी सांगितलं?
की खडे झालेली माणसं
त्यानं आधी बघितली होती?

नखाएवढं घेतलं.
बत्तीस वेळा चावायचं असतं,
एकोणीसपर्यंत मोजलं आणि मग विसरले.
धूर. शेंगदाणा. कांद्याची पात.
चौथ्या घासाला आतून कोणीतरी
कडी लावून घेतली.
उरलेल्याकडे मी बघत बसले,
डोळ्यांत पाणी होतं, धुराचं म्हणू.

मागच्या दिवाळीत रात्री कोणी नसताना
मी काट्यावर उभी राहिले होते.
बाहेरच्या पाटीवर तांबडा आकडा, १३०.
आमचा काटा दहाच्या पटीत बोलतो,
त्याखालचं त्याला कळत नाही.
कुलूप लावायच्या आधी
आज पुन्हा चढले.
चप्पल काढून. कशाला, कोण जाणे.

१२०.
घरच्या काट्यावर एकशे सोळा होते सकाळी.
चार किलो त्यानं माझ्या नावावर
उगाच चढवले.
भांडायला तोंड उघडलं तेवढ्यात
मागून रिकाम्या गाडीचा हॉर्न,
आणि क्लीनरचं पोरगं टपावरून ओरडलं,
"ओ बाई, उतरा खाली!"

उतरले.
केबिन पुन्हा उघडलं.
आकडा शून्यावर यायला
जरा वेळ लागतो.